सावलीचे बारा किती वाजता?

माझी पाचवीतली भाची गेल्या जूनमध्ये पुण्याहून उज्जैनला आली होती. 21 जूनला तिला वेधशाळेत नेलं. ही सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली. त्यातलं शंकुयंत्र मात्र नंतरचं, इथले अधीक्षक गो. स. आपटे यांच्या काळातलं. गोल चौथऱ्याच्या मधोमध उभी खुंटी, तोच शंकू.

घड्याळात 12 वाजले, तरी पश्चिमेला सावली होतीच. "मामा, यंत्र बिघडलंय!" मैत्रिणींना 'आज सावली गायब होणार' असं सांगून आलेली पोर रडवेली झाली. म्हटलं, थांब जरा. 12.28 च्या सुमारास सावली खुंटीच्या पायाशी विरली.

सूर्य आपल्या गावाच्या याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो, तो क्षण खरा मध्यान्ह. आपली घड्याळं मात्र 82.5 अंश रेखांशाच्या वेळेने चालतात. उज्जैन 75.8 अंशांच्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 27 मिनिटांचा फरक. (उरलेल्या दीड-दोन मिनिटांची गंमत पुढच्या वेळी.)

त्या क्षणी सूर्य जवळजवळ खमध्यावर असतो. ख म्हणजे आकाश, त्याचा डोक्यावरचा बिंदू तो खमध्य. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडंच उत्तरेला आहे, म्हणून इथे हे जूनमध्ये घडतं. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, असं दोनदा.

"जुलैत ढग असतात," भाची म्हणाली आणि वहीत मे महिना लिहून घेतला.