जांभळाचा रस आणि छपरावरची वीज

जांभळापासून वीज निर्माण होते, हे वृत्त 2017 साली देशातील अनेक पत्रांनी ठळक मथळ्याखाली छापले होते. रुरकीच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनी जांभळातील रंगद्रव्य वापरून सूर्यप्रकाशावर चालणारा घट तयार केला, ही गोष्ट खरी आहे. बीट, जास्वंद, हळद, पालक अशा अनेक पदार्थांचे रंग निरनिराळ्या प्रयोगशाळांतून याच कामी वापरून पाहण्यात आले आहेत, हेही खरे. परंतु अशी वृत्ते वाचून, उद्या परसातल्या जांभळीवर घरचे दिवे लागतील आणि कोकमाच्या आगळावर पंखे फिरतील, असे जर कोणास वाटू लागले असेल, तर तो भ्रम वेळीच दूर झालेला बरा. मात्र भ्रम पाखडताना त्यातला दाणाही कोंड्याबरोबर उडून जाऊ नये, एवढ्यासाठीच आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

हा घट आहे तरी काय? स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मिखाएल ग्रेट्सेल व ब्रायन ओरेगन या दोघा शास्त्रज्ञांनी 1991 साली त्याचे यशस्वी रूप जगापुढे मांडले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी टायटॅनियम डायॉक्साइडची भुकटी असते, तिचाच अतिसूक्ष्म कणांचा थर काचेवर भाजून बसवावयाचा. ही काच साधी नव्हे. तिच्या एका अंगावर वीजवाहक लेप असतो. पांढऱ्या भुकटीला डोळ्यांस दिसणारा प्रकाश शोषता येत नाही. म्हणून तो थर रंगात भिजवावयाचा. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो व आपला एक इलेक्ट्रॉन भुकटीच्या हवाली करतो. तो इलेक्ट्रॉन तारेतून फिरून समोरच्या कार्बनच्या किंवा प्लॅटिनमच्या पट्टीवर येतो, आणि दोन काचांमधील आयोडीनयुक्त द्रावण त्याला पुन्हा रंगापाशी नेऊन पोचविते. प्रकाश टिपण्याचे काम एकाने करावे व वीज वाहून नेण्याचे काम दुसऱ्याने करावे, ही श्रमविभागणीच या घटाचे मर्म होय. हिरव्या पानातही हरितद्रव्य प्रकाश टिपते आणि पुढचे काम इतरांवर सोपविते.

ग्रेट्सेल यांनी वापरलेला रंग फळाफुलांचा नव्हता. तो रुथेनियम या दुर्मिळ धातूपासून सिद्ध केलेला होता, आणि त्या घटाची कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हा महाग रुथेनियमऐवजी निसर्गाचा फुकट रंग का वापरू नये, हा प्रश्न ओघानेच आला. 1997 साली त्यांच्याच सहकाऱ्यांनी ब्लॅकबेरी या फळाच्या रंगावर प्रयोग केला. या फळात, तसेच आपल्या जांभळात व कोकमात, अँथोसायनिन जातीची रंगद्रव्ये असतात. त्यांच्या रेणूंना असे हात असतात की, ते टायटॅनियमला घट्ट धरून बसतात. प्रयोग साधला. पण कार्यक्षमता किती? 0.56 टक्के! वीस वर्षांनी रुरकीच्या जांभळानेही अर्ध्या टक्क्याच्याच आसपास मजल मारली.

आता हिशेब वाचकांनीच करावा. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॅट इतकी शक्ती पडते. अर्धा टक्का म्हणजे त्यातले 5 वॅट हाती येणार. त्यावर घरातला 9 वॅटचा एक एल. ई. डी. दिवाही पुरा पेटावयाचा नाही. तेवढ्याच जागेत बाजारातील सिलिकॉनचे पत्रे आज 200 वॅट वा त्याहून अधिक देतात. जमाखर्चाचे हे दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे मथळ्यांतील उत्साह आपोआप ओसरतो.

कमी का होईना, पण वर्षानुवर्षे मिळत राहिली तर? तेथेही निराशाच आहे. घट वीस वर्षे टिकावयाचा, तर रंगाच्या प्रत्येक रेणूने इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा फेरा सुमारे दहा कोटी वेळा पार पाडावा लागतो. फळाचा रंग या कसोटीस उतरत नाही. जांभळाच्या डागाने सदरा खराब झाला तर तो उन्हात वाळत घालावा, डाग फिका होतो, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांस ठाऊक असते. जे सदऱ्यावर घडते तेच घटातही घडते. पान उन्हात टिकते ते त्याचा रंग अविनाशी आहे म्हणून नव्हे. ते जिवंत असते आणि आपले झिजलेले भाग सतत नवे करीत असते. काचेत कोंडलेल्या रसाला हे सामर्थ्य कोठून असणार? निसर्गाचा रंग आपण घेतला. निसर्गाची डागडुजी मात्र मागेच राहिली.

यावर कोणी म्हणेल, निदान हा घट स्वस्त व शुद्ध तरी आहे. हेही अर्धसत्य होय. घटाचा मोठा खर्च वीजवाहक काचेचा आणि द्रावण गळू नये म्हणून करावयाच्या बंदोबस्ताचा असतो. रंग फुकट मिळाल्याने एकंदर किमतीत फारसा फरक पडत नाही. शिवाय त्या द्रावणासाठी पुष्कळदा विषारी, उडून जाणारी रसायने वापरावी लागतात. एका घटकास ‘नैसर्गिक’ म्हटल्याने सगळी वस्तू सोवळी होत नाही.

रंगाच्या घटांस भविष्य नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 2017 साली घरातील दिव्यांच्या मंद उजेडात अशा घटांनी सुमारे 29 टक्के कार्यक्षमता गाठली आहे. परंतु ते रंग रसायनशास्त्रज्ञांनी हेतुपूर्वक घडविलेले होते, झाडावरून तोडलेले नव्हते.

मग जांभळाच्या रसाचे स्थान कोठे? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: छपरावर नव्हे, शाळेत. ग्रेट्सेल व स्मेस्टाड यांनी 1998 साली हाच प्रयोग विद्यार्थ्यांसाठी सोपा करून प्रसिद्ध केला. वीजवाहक काचेचे दोन तुकडे, पांढरी भुकटी, फळाचा रस, आयोडीनचे द्रावण आणि दुसऱ्या काचेवर शिसपेन्सिल घासून दिलेला कार्बनचा थर, एवढ्यावर घट तयार होतो. थर सुमारे 450 अंशांवर भाजावा लागतो; तेव्हा हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. घट उन्हात धरला की मल्टिमीटरचा आकडा 0.3 ते 0.5 व्होल्टपर्यंत चढतो, आणि वर हात धरला की उतरतो. प्रकाश म्हणजे काय, इलेक्ट्रॉन म्हणजे काय, पान काय करते, हे दहा धडे घोकून जे कळत नाही, ते त्या एका क्षणात कळते.

म्हणून आमच्या शहरांतील मराठी शाळांच्या चालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी या साहित्याची तरतूद करावी. जांभळे विकत आणावयास नकोत. आपल्या भागात ती रस्त्याच्या कडेला सडा घालून पडतात. आणि प्रयोग संपल्यावर मुलांकडून वरचा 5 वॅटांचा हिशेबही अवश्य करवून घ्यावा. घट चालला याचा आनंद आणि तो किती चालला याचे मोजमाप, ही दोन्ही ज्यांनी एकाच तासात अनुभवली, ती मुले उद्या कोणत्याही मथळ्याने फसणार नाहीत. जांभळाच्या रसाने आमची घरे उजळणार नाहीत हे खरे. पण एवढे डोळे उघडले तरी त्याने पुष्कळ उजेड पाडला, असेच आम्ही म्हणू.