सहा महिन्यांचा फास, पाच लाखांचे आमिष

रस्त्यावरील मृत्यूला ‘अपघात’ म्हटले की सर्वांचीच सुटका होते. मालकाची होते, सरकारची होते, रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराची होते आणि विमा कंपनीचीही होते. नशिबापुढे कोणाचे चालते, असा सुस्कारा टाकून सभ्य समाज पुढच्या कामाला लागतो. परंतु २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, हे केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाचेच आकडे आहेत. मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. जी गोष्ट वर्षानुवर्षे घडते आणि प्रामुख्याने मोटारीबाहेरच्या माणसांच्याच वाट्याला येते, तिला नशीब म्हणत नाहीत, व्यवस्था म्हणतात.

या मृत्यूंची कारणमीमांसा हा स्वतंत्र विषय आहे. येथे प्रश्न आहे तो मागे राहिलेल्यांचा. कर्ता माणूस गेल्यावर त्याची विधवा, मुले व म्हातारे आईबाप नुकसानभरपाई मागावयास जातात, तेव्हा कायदा, कचेरी आणि कंपनी त्यांना कोणती वागणूक देतात?

दान नव्हे, देणे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा केला. रस्त्यावर यंत्र आणणाऱ्याने त्या यंत्राने होणाऱ्या हानीची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. या विम्याचा हप्ता वाहनमालक भरतो असे दिसते. प्रत्यक्षात तो मालाच्या भाड्यात आणि प्रवासाच्या तिकिटात मिसळून साऱ्या समाजाकडूनच वसूल होतो. तेव्हा न्यायाधिकरणाच्या दारात उभी असलेली विधवा कंपनीपुढे पदर पसरीत नसते. ज्या निधीत तिच्या नवऱ्याच्या घामाचाही वाटा आहे, त्यातील आपले देणे ती मागत असते. कंपन्यांची सारी धडपड असते ती या देण्याला दानाचे रूप देण्याची.

मुदतीचा फास

मुदतीच्या तरतुदीचा इतिहासच पाहावा. १९३९ च्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, परंतु पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९८८ च्या कायद्याने तो आवळला आणि बारा महिन्यांनंतर दारच बंद केले. गरिबांचे हजारो न्याय्य दावे केवळ पंचांगाच्या आधारे फेटाळले जाऊ नयेत, हे अखेर संसदेला पटले आणि १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. पाव शतक हा हक्क टिकला. २०१९ च्या दुरुस्तीने तो हिरावून घेतला आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लादली गेली, तीही उशीर माफ करण्याची सोय न ठेवता! १९३९ च्या जुन्या कायद्यात जेवढी दया होती, तेवढीही २०१९ च्या संसदेला परवडली नाही.

सहा महिने म्हणजे काय, हे कचेरीत बसणाऱ्याला कळावयाचे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे उदाहरण घ्यावे. हंगामात तो बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. तेथे फडावरून परतताना वाहन उलटते आणि तो दगावतो. फिर्याद परक्या ठाण्यात नोंदली जाते, कदाचित परक्या भाषेत. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाची कागदपत्रे, चालकाचा परवाना हे सारे तेथेच. मागे राहिलेल्या बाईच्या डोक्यावर मुकादमाची उचल उभी असते आणि हंगाम संपेपर्यंत तिला कोयता खाली ठेवता येत नाही. ती गावी पोचते तोवर निम्मी मुदत सरलेली असते. आणि इस्पितळात खाटेवर पडलेल्या जखमीचे काय? त्याचे अपंगत्व कायमचे किती, हे ठरावयासच कित्येकदा सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो!

या तरतुदीविरुद्ध याचिका झाल्या आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो स्वागतार्ह आहे, परंतु अंतरिम आदेश म्हणजे कायदा नव्हे. त्याच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

आमिषाचे गणित

फासाच्या जोडीला आमिष आहे. नव्या कायद्याचे कलम १६४ सांगते की, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतील. १९८२ साली दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व कायद्यात आले, तेव्हा मृत्यूची रक्कम अवघी १५,००० रुपये होती. त्या मानाने ५ लाख मोठे वाटतात, आणि नेमके तेच अभिप्रेत आहे. कारण कायद्यात पुढे एक परंतुक आहे. कलम १४९ च्या कार्यपद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मूळ दावा संपुष्टात येतो.

पूर्वीची दोषनिरपेक्ष रक्कम तातडीची मदत होती. ती घेऊनही मोठा दावा चालू ठेवता येत असे. आता ती मदत राहिली नाही, पूर्ण फेडीची पावती झाली आहे. आणि फेड कशाची होते, ते हिशेब करूनच पाहावे. समजा, तीस वर्षांचा एक कामगार महिना १५,००० रुपये कमावतो आणि त्याच्यावर पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत आखून दिलेली रीत अशी : वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. त्यात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविले की २,५२,००० होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की उरतात १,८९,०००. या वयाला गुणक १७. एकूण ३२,१३,००० रुपये. याखेरीज अंत्यविधी व सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा वेगळ्याच.

एका बाजूला ३२ लाख, दुसऱ्या बाजूला ५ लाख. मधले २७ लाख कोणाच्या खिशात राहतात, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. सावकाराचे देणे दारात उभे असता कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद पुढे करतो, तेव्हा त्या कागदाची ही खरी किंमत असते.

हिशेबाच्या मुळाशीही वर्गीय अन्याय आहेच. ज्याला पगाराची चिठ्ठीच दिली जात नाही, त्याने उत्पन्नाचा पुरावा आणावयाचा कोठून? मालकाने हजेरीपटावर नाव न घालता राबविलेला कामगार जिवंतपणी भविष्य निर्वाह निधीला मुकतो आणि मेल्यावर त्याचे कुटुंब भरपाईला मुकते. स्त्रियांच्या बाबतीत तर कायद्याने निर्लज्जपणाच केला होता. १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात गृहिणीच्या श्रमाचे मोल नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश ठरविले होते आणि कमाई नसलेल्या अन्य व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते. ही कोष्टके २०१८ पर्यंत जागची हलली नाहीत. घरकामाला आर्थिक मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा बजावून सांगावे लागले.

पळून गेलेले वाहन, पळून गेलेले सरकार

ठोकर देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागत नाही, तेथे भरपाईची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये अशी तिची रक्कम आहे. २०२२ साली असे ६७,३८७ अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसे मेली. आणि दावे किती आले? जानेवारी २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात नोंदल्याप्रमाणे २०२२-२३ या आर्थिक वर्षात अवघे २०५. त्यांपैकी निकालात निघाले ९५. योजना आहे हेच लोकांना ठाऊक नाही आणि ते त्यांना सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. अखेर ही माहिती पोलिसांनी पीडितांना द्यावी, असे न्यायालयाला सांगावे लागले. जी योजना हजारोंसाठी काढली आणि शेकड्यांनाही पोचली नाही, तिला कल्याणकारी योजना म्हणावयाचे की जाहिरात?

‘खोट्या दाव्यां’ची ओरड

यावर कंपन्यांचे कैवारी दोन उत्तरे देतात. पहिले असे की, खोट्या दाव्यांनी विम्याचा धंदा बुडतो. खोटे दावे होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशात त्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली विशेष तपास पथक नेमावयास लावले आणि पुढे काही वकिलांवरही कारवाई झाली. परंतु यातून निष्कर्ष काय निघतो? वकील, दलाल, पोलीस व डॉक्टर यांच्या संगनमताशिवाय बनावट दावा उभाच राहत नाही, तेव्हा बंदोबस्त त्या साखळीचा केला पाहिजे. मुदतीचा वरवंटा मात्र खऱ्या विधवेवर फिरतो. बनावट कागद करणारा सहा महिन्यांच्या आत व्यवस्थित हजर होतो.

दुसरे उत्तर असे की, खाजगी भांडवल व स्पर्धा आली की सेवा सुधारते. १९७३ च्या आरंभी १०७ विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले. विदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९ व २०२१ साली ७४ टक्के झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. या सर्व काळात भांडवलाच्या मर्यादा सैल होत गेल्या आणि अपघातग्रस्ताची मुदत मात्र आवळली गेली. २०१६ च्या विधेयकात तर कंपनीची जबाबदारी मृत्यूस १० लाखांवर रोखून उरलेला बोजा वाहनमालकावर, म्हणजे पुष्कळदा कर्जाने रिक्षा घेतलेल्या चालकावर, टाकण्याचा घाट घातला होता. विरोधामुळे ती कमाल मर्यादा गळली. परंतु हप्त्याच्या प्रमाणात कंपनीची जबाबदारी ठरविण्याचा अधिकार कलम १४७ मध्ये केंद्र सरकारकडे राहिलाच आहे. तो केव्हाही बाहेर काढता येईल.

येथे स्वपक्षीयांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरकारी कंपन्या या बाबतीत धुतल्या तांदळाच्या नाहीत. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी आपली नाही, हा मुद्दा २००२ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला तो एका सरकारी कंपनीनेच, आशा राणी खटल्यात. ट्रकमध्ये वा ट्रॉलीत कोंबून नेलेला मजूर त्या दिवसापासून ‘फुकटा प्रवासी’ ठरू लागला. जणू तो हौसेने तेथे बसला होता! सार्वजनिक मालकी हे आवश्यक पाऊल आहे, पुरेसे नव्हे. ज्या सार्वजनिक कंपनीचा अधिकारी दावे नाकारण्यातच आपले कर्तृत्व मानतो, ती कंपनी खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांच्या हाती आयतेच कोलीत देते.

मागण्या आणि काम

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, मुदतीची अट १९९४ प्रमाणे समूळ रद्द करावी. दोन, दोषनिरपेक्ष रक्कम ही तातडीची मदत समजावी, ती स्वीकारल्याने मूळ दावा संपू नये. तीन, मालवाहू वाहनातून नेल्या जाणाऱ्या मजुरांची जोखीम सक्तीच्या विम्यात घ्यावी. चार, कंपनीच्या जबाबदारीवर कोणतीही कमाल मर्यादा घालू नये.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे गुन्हा ठरेल. ‘हे वकिलाचे काम’ ही चळवळीतील समजूत टाकून दिली पाहिजे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दाखल करावयाचा असतो आणि न्यायाधिकरणाने त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज मानावे, असे कायदा म्हणतो. हा अहवाल गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारण्यास वकिली सनद लागत नाही. अपघात परराज्यात झाला तरी दावा आपल्या राहत्या जागेच्या न्यायाधिकरणात लावता येतो. हे इंदूरच्या, हैदराबादच्या, बडोद्याच्या मराठी कामगाराला आणि बीडच्या ऊसतोड्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. प्रत्येक कामगार संघटनेच्या कचेरीत एका कार्यकर्त्याने हे काम अंगावर घ्यावे, हजेरीचे व मजुरीचे पुरावे आधीपासून जमा करावेत आणि हिशेब मांडून झाल्याखेरीज तडजोडीच्या कोणत्याही कागदावर अंगठा उठू देऊ नये.

कंपनीला घाई असते ती त्या अंगठ्याची. तो उठण्यापूर्वी त्या घरात जो पोचेल, त्याच्यावर ते कुटुंब विश्वास टाकील. तेथे आधी दलालाने पोचावयाचे की कार्यकर्त्याने, एवढाच प्रश्न आहे.