हेडटॉर्चचा सेल केवढा घ्यावा?



दादरच्या फूलबाजारात मोगरा उतरवला की आपल्यातले बरेच जण स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोडवरून हेडटॉर्चचे सेल घेऊन येतात. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून मी आतल्या बॅटरीला सेल म्हणतो.) घेताना नजर जाते छापलेल्या आकड्यावर. 4200, 6800, 9900 एमएएच! माझं मत विचाराल तर त्या आकड्याचे जादा पैसे अजिबात देऊ नका.

आपण जो 18650 सेल वापरतो, ते नाव म्हणजे त्याचं माप आहे. 18 मिमी जाड, 65 मिमी लांब. एवढ्या नळीत चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलाही साधारण 3500 एमएएचच बसवता येतात. पाच लिटरच्या कॅनवर पंधरा लिटर लिहिलं म्हणून दूध जास्त मावत नाही, तसंच हे. 9900 छापलेला 18650 खोटाच समजा.

मग घ्यायचा केवढा? आधी आपले खुडणीचे तास मोजा. 3000 एमएएचचा खरा सेल म्हणजे 3.6 व्होल्टने जवळपास 11 वॅट-तास. थोडी घट धरली तरी 1 वॅटच्या उजेडावर 8-9 तास चालतो. 3 वॅटवर ठेवलात तर तीन तासांत खलास. कळी हाताच्या अंतरावर असते, तिला 1 वॅट पुष्कळ. पहाटे तीन ते सहा खुडणी असेल तर 2600 ते 3000 चा एकच सेल दोन दिवस निघतो. फुल्ल उजेड ठेवायचा तो बांधावरून चालताना. तिथे मात्र कंजुषी नको, मण्यार आणि घोणस रात्रीच फिरतात.

ज्यांच्याकडे रात्रपाळीची लाइट आहे आणि पाणीही द्यायचं असतं, त्यांनी मोठा टॉर्च घेण्यापेक्षा सेल काढता येणारा टॉर्च आणि जोडीला एक भरलेला सेल ठेवावा. दोन-तीन सेलचं जड खोकं डोक्यावर घेऊन वाकून खुडायचं म्हणजे मान धरणारच. हे आमच्या ताई लोकांना विचारा, खुडणीला त्याच जास्त असतात! तासाभराचंच काम असेल तर रिमोटच्या बारीक सेलवरचा टॉर्चही चालतो, सेल गावच्या दुकानात मिळतात.

जादा सेल खिशात चिल्लर किंवा किल्ल्यांसोबत टाकू नका. दोन टोकं धातूने जोडली गेली तर तो तापतो, पेटूही शकतो. लोकलच्या गर्दीत तर नकोच. प्लास्टिकच्या डबीत ठेवा. आवरण फाटलेला किंवा फुगलेला सेल चार्जिंगला लावू नका.

मला विचाराल तर हे सेल कंपनीनेच खतं-औषधांसारखे एकत्र, पक्क्या बिलाने आणावेत. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तोवर एक करा. संकलन केंद्रावर मोगरा तोलायचा छोटा काटा आहे, त्यावर आपला सेल ठेवून बघा. खरा 18650 साधारण 45 ते 50 ग्रॅम भरतो. तीस-पस्तीसच भरला तर त्याचा फोटो आणि किती पैसे दिले ते मला पाठवा.

– आपला कृषी सल्लागार