घटकांची निवड : यंत्राची की विवेकाची?

मान्सूनचे भाकीत करू पाहणाऱ्या संख्याशास्त्रज्ञापुढील पहिला प्रश्न निवडीचा असतो. समुद्राचे तापमान, हवेचा दाब, हिमाच्छादन अशा अनेक घटकांपैकी समीकरणात कोणते घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे? आज संगणकाच्या आज्ञावल्या ही निवड क्षणार्धात करून देतात. मात्र सोय मोठी असली, की फसगतही मोठी होऊ शकते.

तिचे कारण साधे आहे. पावसाशी काडीमात्र संबंध नसलेले २० घटक तपासले आणि प्रत्येक वेळी शंभरात ५ इतक्या चुकीची मुभा ठेवली, तर सरासरीने एक घटक निव्वळ योगायोगाने अर्थपूर्ण ठरतो. भारतातील वेधशाळांचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्येच दाखवून दिले होते, की अनेक सहसंबंधांतून सर्वांत मोठा निवडावयाचा असेल, तर त्याची कसोटीही अधिक कडक हवी.

भारतीय हवामानखात्याचा अनुभवही बोधप्रद आहे. १९८८ पासून हे खाते १६ घटकांच्या समीकरणाने भाकीत करीत असे. २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचे भाकीत असता प्रत्यक्षात सरासरीच्या सुमारे ८१ टक्केच पाऊस झाला. काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध कालांतराने क्षीण झाल्याचे आढळले आणि २००३ मध्ये कमी घटकांची नवी समीकरणे स्वीकारण्यात आली.

निवडीची कोणतीही एक रीत सर्वकाळ श्रेष्ठ नाही. एकेक घटक घेत वा गाळत जाण्याची जुनी रीत योगायोगाला सहज बळी पडते. रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘लॅसो’ ही रीत दुबळ्या घटकांचे गुणक शून्यावर आणते. परंतु दोन घटक एकमेकांशी निगडित असले, तर ती एकाला ठेवून दुसऱ्याला गाळू शकते. गाळलेला घटक निरुपयोगीच होता, असे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून रीत कोणतीही असो, काही वर्षांची माहिती प्रथमपासूनच बाजूला ठेवावी. घटकांची निवडसुद्धा तिच्याकडे न पाहताच करावी आणि मग समीकरण तिच्यावर पारखावे. निवडीत जिचा उपयोग झाला, त्याच माहितीवर घेतलेली परीक्षा म्हणजे आधी फोडलेल्या प्रश्नपत्रिकेची परीक्षा होय.

धान्यसाठ्याचे व धरणांतील पाण्याचे बेत आखताना अशा भाकितांचा आधार घेतला जातो. आज्ञावली घटक निवडून देईल. त्या निवडीची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकता येणार नाही.