चिकाटी आणि हट्ट

मंगळावर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेल्या अमेरिकी रोव्हरचे 'पर्सिव्हिअरन्स' हे नाव शालेय विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धेतून निवडले गेले. या शब्दाचा अर्थ 'चिकाटी' असा सांगून आपण मोकळे होतो. तो चुकीचा नाही. पण शब्दाची कुळकथा पाहिली म्हणजे तो अपुरा वाटू लागतो.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या पोटात 'सेव्हेरस', म्हणजे कठोर, हे विशेषण दडले आहे. आपली 'चिकाटी' मात्र 'चिकट'च्या गोतावळ्यातली. चिकटून काय, मुंगळाही गुळाला बसतो! व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, हे मान्य. परंतु सिसेरोने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या गुणाची व्याख्याच केली आहे: पूर्ण विचारान्ती ठरविलेल्या गोष्टीवर अढळ राहणे. प्रत्येक सद्गुणाच्या शेजारी एक दुर्गुण नांदतो, असे सांगून या गुणाचा शेजारी म्हणून त्याने दुराग्रहाचे नाव घेतले. त्यासाठी त्याने वापरलेला 'पर्टिनाकिया' हा शब्द 'घट्ट धरून ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे.

आपल्याकडेही हा विवेक होता. वाळू रगडून तेल काढण्याचा भर्तृहरीचा दृष्टान्त वामन पंडितांनी मराठीत आणला आणि आपण तो प्रयत्नांचा महिमा गाण्यासाठी राबविला. मूळ श्लोकाचा रोख निराळाच आहे. एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन वळणार नाही, असे तो बजावतो. अर्धा श्लोक आपण पाठ केला; उरलेला सोयीस्करपणे विसरलो.

या विस्मरणाची किंमत राष्ट्रांनाही मोजावी लागते. ब्रिटन व फ्रान्स यांनी १९६२ साली करार करून हाती घेतलेल्या कॉन्कॉर्ड विमानाचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. तरीही काम रेटले गेले आणि अखेर प्रवासी सेवेत आली ती अवघी १४ विमाने. 'एवढे ओतले, आता माघार कशी?' या विचारसरणीला पुढे कॉन्कॉर्डचेच नाव चिकटले.

चूक उमगल्यावर मार्ग बदलणाऱ्यास आपण धरसोडीचा म्हणतो आणि चुकीच्या वाटेवर नेटाने चालणाऱ्यास खंबीर. हे माप उलटे आहे. ज्याने आपल्या निर्णयाची आधी कठोर परीक्षा घेतली आहे, त्याच्याच चिकाटीला मोल असते. बाकी सारा हट्टच, मग तो कितीही निष्ठेने चालविलेला असो.