इटली, आम्ही आणि फॉर्मातला एक चौकोन

रविवारची सकाळ. डायनिंग टेबलवर पोहे, चहा आणि सगळे मूडमध्ये. म्हटलं, हाच तो क्षण! नवरोबाला टेबलाखालून पाय मारला. तो पोह्यातला शेंगदाणा शोधण्यात बिझी. शेवटी मीच बोलले, "आई, बाबा, ऑक्टोबरमध्ये आम्ही इटलीला जायचं म्हणतोय. दोघंच."

सन्नाटा. सासूबाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच हवेत.

"दोघंच? म्हणजे टूरबरोबर नाही?"

"नाही आई, आमचं आम्हीच."

"अगं, तिकडं भाषा कोण बोलणार? खायचं काय? आणि हरवलात तर?"

लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत आम्ही गोवा केलं (माझ्या माहेरच्या सोळा जणांबरोबर), केरळ केलं (सासरच्या अकरा जणांबरोबर) आणि काश्मीर केलं (चाळीस जणांबरोबर, त्यातले अडतीस अनोळखी). दोघंच असे आम्ही फक्त सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला स्कूटरवर जाताना असतो. त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्हाला एकमेकांबरोबर एकट्यानं राहता येतं का, हेच मुळात कुणी तपासलेलं नव्हतं. आम्हीसुद्धा!

एक्सेल शीट आणि तुळजापूर-अक्कलकोट

त्याच रात्री नवरोबांनी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी माझ्या मेलवर शीट हजर. मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, पॉम्पे. नऊ दिवस, सात गावं. शेवटच्या कॉलममध्ये 'फोटो डन?' असा चौकोनसुद्धा होता.

मी त्याला एकच आठवण करून दिली. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर करून आणतो. संध्याकाळी त्यांना काय आठवतं? गाडीतली सीट आणि रांगेतली चप्पल! इटलीचं तसं करायचंय का?

भांडण झालं, समेट झाला. सात गावांची तीन झाली. व्हेनिस दोन रात्री, फ्लॉरेन्स चार, रोम पाच. विमानानं व्हेनिसला उतरायचं आणि रोमहून परतायचं, म्हणजे आल्या वाटेनं मागं यायला नको. मधला प्रवास ट्रेननं. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या तिथल्या फास्ट ट्रेन्स ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पळतात. फ्लॉरेन्सहून रोम साधारण दीड तासात! आमची हुतात्मा एक्स्प्रेस दीड तासात कुठवर जाते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. या गाड्यांची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. 'रेजोनाले' नावाच्या साध्या गाड्यांचं भाडं मात्र कायम तेच, तिथं घाई नको. फक्त कागदी तिकीट असेल, तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशिनमध्ये त्यावर वेळेचा छाप मारून घ्यायचा. नाहीतर तिकीट असूनही दंड!

आणखी एक गंमत. व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, आणि फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी सोमवारी बंद. म्हणजे आधी कॅलेंडर बघायचं, मग गाव ठरवायचं. ऑगस्ट आम्ही सुरुवातीलाच बाद केला. १५ ऑगस्टला 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते, बरीच दुकानं बंद, आणि उन्हाळा असा की आपण सोलापूर सोडून आलोच कशाला असं वाटावं.

मग आम्ही एक नियम केला. एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. तो टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात नोकरी करतो. त्यानं काय मागावं? फ्लॉरेन्सच्या शेजारचं प्रातो! कापडगिरण्यांचं गाव, जुन्या लोकरी चिंध्यांपासून नवं कापड विणण्यासाठी प्रसिद्ध. तिथं एका जुन्या गिरणीतच कापडाचं म्युझियम केलंय. मी म्हटलं, "हनिमूनला यंत्रमाग बघायचेत तुला?" तो म्हणाला, "तुझ्या दिवशी मी काही बोललो का?" बरोबर होतं. माझा दिवस मी कोरा ठेवला होता. फ्लॉरेन्समध्ये एक अख्खा दिवस, ज्यात काहीच करायचं नाही. त्याला तो चौकोन रिकामा बघून घाम फुटत होता.

खर्च कोण करणार?

आता मूळ मुद्दा. युरोपचा शेंगेन व्हिसा. माणशी ९० युरो, म्हणजे दोघांचे १८० युरो. व्हिसा नाकारला तरी परत नाहीत. किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. विमानाचं बुकिंग, हॉटेलांची बुकिंग्ज, रोजचा कार्यक्रम, रजेचं पत्र, बँक स्टेटमेंट्स. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. पण शेवटच्या मुदतीवर विसंबायचं नाही, कारण अपॉइंटमेंट मिळणं हाच एक वेगळा खेळ आहे.

नवरोबाच्या ओळखीच्या एका एजंटकडे गेलो. फारच तत्पर माणूस. भराभर फॉर्म भरत होता. फॉर्मात एक प्रश्न असतो, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार? एक चौकोन 'अर्जदार स्वतः', दुसरा 'स्पॉन्सर'. नवरोबाच्या फॉर्मवर टिक झाली 'स्वतः'. माझ्या फॉर्मवर पेन आपोआप दुसऱ्या चौकोनाकडे निघालं.

"वहिनींचा खर्च साहेब करतायत असं टाकतो. सोपं पडतं."

मी म्हटलं, "पण मी करतेय ना माझा खर्च."

"हो, पण फॉर्मला काय फरक पडतो?"

मी नवरोबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, फॉर्मच तर आहे!"

दोन वर्षं मी दर महिन्याला आठ हजारांची आरडी भरलीय. दिवाळीत नवी साडी नाही, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर दर शनिवारचं हॉटेल नाही. चार लाखांच्या बजेटमधले निम्मे पैसे माझे आहेत. आणि इटलीच्या वकिलातीत माझी पहिली ओळख काय, तर नवऱ्याच्या खर्चानं फिरणारी बायको? आणि हे कुणी दुष्टपणानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळेच सोयीसाठी करत होते.

घरी येताना स्कूटरवर कुणी बोललं नाही. पुढचे दोन दिवसही. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मेल आला. माझा फॉर्म, नव्यानं भरलेला. टिक 'स्वतः'वर. खाली एक ओळ, "तुझं स्टेटमेंट जोड. आणि सॉरी. मला खरंच दिसलं नव्हतं."

पुढची मजा ऐका. दोन्ही फाइल्स बघून एजंटच म्हणाला, "वहिनींची फाइल स्ट्राँग आहे." दर महिन्याला पगार, दर महिन्याला आरडी, सगळं सरळ रेषेत. नवरोबांनी मात्र गेल्याच महिन्यात एफडी मोडून खात्यात एकरकमी दोन लाख टाकलेले! अचानक आलेल्या रकमेकडे व्हिसावाले संशयानं बघतात म्हणे. त्याला एफडीचे कागद आणि खुलाशाचं पत्र जोडावं लागलं. मी काही बोलले नाही. फक्त त्या संध्याकाळी पार्क चौकात भेळ मीच खिलवली. स्पॉन्सर म्हणून!

बाबांचा दिवस

या सगळ्यात बाबा गप्प होते. रिटायर्ड मास्तर, इतिहासाचे. एका रात्री जेवताना अचानक म्हणाले, "जाताच आहात, तर घाडग्यांना नमस्कार करून या."

आम्हाला वाटलं, सोलापुरातलेच कुणी घाडगे तिकडं सेटल झालेत. बाबा हसले नाहीत. सांगायला लागले. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. रायगडातल्या माणगाव तालुक्यातला मुलगा. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा सुरू झाला. बरोबरचे सगळे एकतर ठार, नाहीतर जखमी. हा एकटाच मशिनगनवर धावून गेला आणि ती बंद पाडली. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीनं तिथंच पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४५मध्ये, सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनाही तोच मान मिळाला. ते नगर जिल्ह्यातले, आणि ते जिवंत परतले.

मी नेटवर शोधलं. उम्ब्रिया प्रांतात मोन्तोने नावाचं डोंगरावरचं छोटंसं गाव आहे. तिथं २०२३मध्ये घाडग्यांच्या नावानं स्मारक उभारलंय, सूर्यघडीचं. फ्लॉरेन्स आणि रोमच्या मधल्या भागातच. आम्ही शीट परत उघडली. रोमच्या पाचातल्या दोन रात्री काढून पेरुजाला दिल्या. आता व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स चार, पेरुजा दोन, रोम तीन. 'एक त्याचा, एक माझा' यात 'एक बाबांचा' वाढला.

म्हणजे 'दोघंच' जायचं म्हणता म्हणता आम्ही तिसरा माणूस बरोबर घेतलाच की! पण यावेळी कुणी लादला नव्हता, आम्हीच शीटमध्ये जागा केली होती. त्यात फरक आहे, बॉस.

सासूबाईसुद्धा आता कामाला लागल्यात. शेंगा चटणी आणि कडक भाकरीची यादी झालीय. तूप आणि पेढे मात्र मी कापले, कारण बाहेरून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. सासूबाईंना ते पटलेलं नाही. "तुपानं काय बिघडतंय त्यांचं?" असं त्या रोज एकदा विचारतात. आणि मी त्यांना एक सांगितलेलंच नाही, की तिथल्या अस्सल पार्मेजान चीझमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. प्युअर व्हेज मंडळींनी तिकडं जाण्याआधी हे नक्की माहीत करून घ्या.

नवरोबाला एकच दुःख आहे. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत आलीय. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद. म्हणजे मित्रांना दाखवायला शिक्का नाही!

पुढच्या महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचेत. व्हिसा मिळेल की नाही, माहीत नाही. पण तुम्हीही जोडीनं पहिल्यांदाच निघणार असाल, तर हॉटेलचे फोटो नंतर बघा. आधी दोघांचे फॉर्म एका टेबलावर ठेवा, आणि प्रत्येकानं आपापला भरा. पेन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. मग दोन दिवस अबोला झाला तर होऊ द्या. तो इथंच, घरच्या पोह्यांवर परवडतो. व्हेनिसमध्ये तो फार महाग पडेल!