वामनदादांचं गाणं
सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना ऐन तरुणपणीही अक्षरओळख नव्हती. मुंबईत कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना. मग जिद्दीनं, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते साक्षर झाले आणि १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं! पुढची साठ वर्षं बाबासाहेब आंबेडकरांचा विचार त्यांनी खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत गाऊन पोहोचवला. टाटा-बिर्लांच्या संपत्तीकडे बोट दाखवून आपला वाटा मागणारं त्यांचं गाणं आजही बाबासाहेबांच्या जयंतीला गायलं जातं. २००४च्या मे महिन्यात नाशकातच ते गेले. नाशिकचे कवी म्हणून आपण कुसुमाग्रजांचं नाव अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याच दमात वामनदादांचं का घेत नाही?